दाजींची घडीची शर्यतपट्टी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “कशावरून?” पलीकडे माझी थोरली बहीण, आक्का. तिचा नवरा नुकताच सकाळचा चहा घेता घेता मान टाकून गेलेला, आणि सख्खी बहीण विचारते, कशावरून! आक्का म्हणाली, “डॉक्टर येऊन गेले. मीही नाडी बघितली. तू ये.” दुसऱ्या घरात या प्रश्नावरून जन्मभराचं वैर झालं असतं. आमच्याकडे झालं नाही, कारण हा प्रश्न मुळात दाजींचाच. आमच्या सगळ्या घराला त्यांनी तो लावून ठेवला होता. मी रिक्षात बसले आणि वाटेत लक्षात आलं की मला रडू येत नाहीये, राग येतोय. गेल्या मे महिन्यापासून मी या माणसाशी एक शब्द धड बोलले नव्हते. त्यांनी मला चारचौघांत चोर ठरवलं होतं. आता ते तसंच समजून गेले, की मधे कधी त्यांचं मत बदललं होतं, हे कोण सांगणार? माणूस गेल्यावर लोक त्याच्या चांगल्या आठवणी काढतात. मला त्या दिवशी फक्त एवढंच कळायला हवं होतं.

दाजी वीज कंपनीत होते. मीटर तपासायचे, चोऱ्या पकडायचे. तारेवर आकडा टाकून कोण फुकट दिवे लावतंय, मीटर कुणी उलटं फिरवलंय, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. आक्काला बघायला आले तो दिवस मला अजून आठवतो. आक्का पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली तर नवरदेव जागेवर नाही. ओसरीवर जाऊन आमच्या मीटरला डोळा लावून उभा! आत येऊन आमच्या वडिलांना म्हणाले, “घरातली सगळी बटणं बंद आहेत, तरी चकती फिरतेय. लीकेज आहे तुमच्याकडे.” वडिलांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, स्थळ गेलं. पण लीकेज खरंच निघालं, मोरीच्या भिंतीत, आणि वडिलांनी त्याच दिवशी ठरवलं की मुलगी द्यायची तर यालाच. आक्काला विचारलं, मुलगा कसा वाटला? तर ती म्हणाली, “त्यांनी मला कुठं बघितलं? मीटरच बघितलं की.”

संसारातही तेच. दुधात लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय पातेलं गॅसवर चढायचं नाही. भाजीवाल्या मावशी त्यांना लांबून बघितलं की आपणहोऊन तराजूची पारडी उलटी करून दाखवायच्या. कुणी म्हणालं, आज फार ऊन आहे, तर हे गच्चीवर जाऊन थर्मामीटर बघून येणार. सोलापुरात ऊन आहे की नाही हे कुणी तपासून बघतं का हो! मी लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात टेक्निशियन होते, वायरी जोडण्यात आणि तोडण्यात माझी नोकरी संपली. त्यामुळे रविवार आक्काकडे, हे ठरलेलं. दाजींचं आणि माझं पटायचंही आणि वाजायचंही. मी म्हणायचे, दाजी, तुम्ही देवळात गेलात तर मूर्तीचं सील बघाल. ते हसायचे. पण एवढं मात्र खरं, की ते जे तपासायचे त्यात दहातल्या नऊ वेळा काहीतरी निघायचंच. तेच तर वाईट झालं. माणूस सारखा खरा ठरायला लागला की त्याला आपलीही चूक होऊ शकते हे विसरायला होतं.

निवृत्तीनंतर त्यांच्या जावयानं परदेशातून एक खेळणं आणलं. खाचेत चालणाऱ्या मोटारी. रुळासारखा रस्ता, त्यात प्रत्येक गाडीसाठी एक खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखाली खुंटी, ती खाचेत बसते, पट्ट्यांतून वीज मिळते, आणि हातातला खटका जेवढा दाबाल तेवढी गाडी पळते. आणलं होतं नातवंडांसाठी. नातवंडं पुण्याला, खेळणं इथं, आणि दोन दिवसांत मालक झाले दाजी. पण त्या खेळण्याचा रस्ता होता गोल. दाजी आणि मी एक शर्यत खेळलो, मी हरले, आणि हेच महाराज जिंकूनसुद्धा भुवया आवळून बसले. “आतली खाच आखूड आहे,” म्हणाले. “बाहेरच्या गाडीला जास्त पळावं लागतं. ही लबाडी आहे.” मी म्हटलं, खेळणं आहे हो ते. तर म्हणाले, “खेळण्यात लबाडी चालते म्हणून सुरुवात होते सगळी. सरळ पट्टी पाहिजे. दोघं शेजारी उभे राहा, दिवा लागला की सुटा, पुढं कोण ते उघड्या डोळ्यांनी दिसेल.”

अशी ती ड्रॅग पट्टी सुरू झाली. सरळसोट, दोन खाचांची. दाजींनी सुताराकडून दाराएवढ्या प्लायच्या फळ्या करून घेतल्या आणि सुतार खाच कोरत असताना शेजारी स्टूल टाकून बसले. प्रत्येक फळीला मधोमध बिजागऱ्या, म्हणजे ती घडी होऊन त्यांच्या व्हॅनच्या टपावर चढेल. पाय भंगारबाजारातले, बंद पडलेल्या मागाचे लोखंडी पाइप कापून केलेले. गुंडाळायला जुन्या चादरी, त्यांची आपल्या गावात काय वाण! घडीची का, तर तेही संशयापोटीच. “माझ्या घरात माझी पट्टी ठेवली तर लोक म्हणतील, घरच्या मैदानावर जिंकतोय. आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन मांडायची.” सुरुवातीला लाल आणि हिरवा दिवा. त्याचं बटण आक्काच्या हातात, आणि आक्कानं पट्टीकडे पाठ करून बसायचं. का, तर तिच्या चेहऱ्यावरून कुणाला कळू नये की ती बटण कधी दाबणार. माझी बहीण इतक्या शर्यतींत बसली, शेंगा सोलत, पाठमोरी. एकही तिनं बघितली नाही. पहिल्या फेरीनंतर खेळाडूंनी खाचा बदलायच्या आणि दुसरी फेरी खेळायची, हा नियम. गाडी सुरू होण्याआधी दाजी तिचं पोट उघडून मोटर बघणार, चाकांना बोट लावून हुंगणार, कुणी चिकट काही लावलंय का.

ऐन थंडीत, डिसेंबरात, त्यांनी खाचांच्या कडेनं तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सांधे सोल्डर केले. मी म्हटलं, “दाजी, सांधे मला करू द्या. आयुष्यभर तेच केलंय.” तर सोल्डरिंग आयर्न माझ्या हातून काढून घेतलं. “तू खेळणार आहेस ना? मग तुझा हात नको.” नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण बरोबरही होतं त्यांचं, त्यांच्या हिशेबानं. मी मागं उभी राहून त्यांचे सांधे बघत होते. नेटके होते, चकचकीत होते, पण तांब्याची पट्टी फळीवर गच्च भिडवून बसवली होती, वाढायला जराही जागा नाही. मी बोलणार होते. मग म्हटलं, मरू दे, माझा हात नको ना, मग माझं तोंड तरी कशाला.

ती पट्टी घेऊन आम्ही कुठं कुठं गेलो! करकंबला एका दूध डेअरीच्या ओट्यावर, मैंदर्गीला लग्नाच्या हॉलात, जिथं दोन म्हाताऱ्या कानडीतून आमच्यावर हसत होत्या आणि मग त्यातल्या एकीनं खटका हातात घेतला तो सोडेना. पण मुख्य अड्डा अकलूजचा. तिथं माने, दाजींचे जुने लाइनमन, आता शेती करतात. त्यांच्या ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पट्टी पूर्ण लांबीची बसायची. माने म्हणजे मोकळा माणूस, हरला तरी टाळ्या पिटणार. “साहेब, आपली गाडी निस्ती रांगती बगा!” दाजी तसे नव्हते. हरले की आधी गाडी तपासायचे, मग पट्टी, मग समोरच्याला. मला आता वाटतं, त्या दिवसांत आम्ही तिघं-चौघं फार सुखात होतो आणि एकमेकांवर डोळे वटारण्यातच ते सुख होतं.

मे महिन्यात मान्यांच्या शेडमध्ये शेवटची लढत दाजींची आणि माझी लागली. जेवणं झालेली, ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. आक्का पाठ करून बसली. हिरवा लागला, दोन्ही गाड्या एकदम सुटल्या, निम्म्यापर्यंत चाकाला चाक, आणि मग दाजींची गाडी एकदम दमली. अडकली नाही, पडली नाही, नुसती मंदावली, चढावर सायकल जशी मंदावते तशी. मी सरळ पुढं निघून गेले. माने आणि त्यांची भावकी ओरडली. नियमाप्रमाणे खाचा बदलून दुसरी फेरी व्हायची होती. ती झाली असती तर जे काय ते तिथंच उघडं पडलं असतं. पण दाजींनी माझी गाडी उचलली, स्क्रू काढले, मोटर बाहेर काढली, चुंबक बघितले, चाकं हुंगली. काही नाही. कर नाही त्याला डर कशाला, मी हाताची घडी घालून उभी. आणि सगळ्यांसमोर त्यांनी गाडी माझ्या हातात ठेवली नि म्हणाले, “सापडलं नाही म्हणजे नसतं असं नाही. चोर हुशार असला की सापडत नाही.”

मी पायात चपला घातल्या आणि एसटी स्टँड गाठलं. आक्का हाका मारत मागं आली, मी वळून बघितलं नाही. नंतर कळलं, संध्याकाळी त्यांनी दोन्ही खाचा मल्टिमीटर लावून तपासल्या. दोन्ही चोख. म्हणजे त्यांच्या लेखी पट्टी निर्दोष आणि मी दोषी. पंचनामा पूर्ण झाला. मी आक्काला फोन करायचे तो ते झोपलेले असताना. रविवार बंद. मला वाटलं होतं, आठवडाभरात येतील, “चल, भजी कर” म्हणतील. आले नाहीत. आक्का सांगायची की ते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पट्टी मांडून बसतात, ऑक्टोबरच्या उन्हातही दुपारभर वरच होते. मी मनात म्हटलं, बसा. माझ्याविरुद्ध पुरावा शोधा. दिवाळीत फराळाचा डबा द्यायला गेले तर दार नेमकं त्यांनीच उघडलं. वाळले होते. डबा घेतला, आणि ना खुशाली ना काही, म्हणाले, “एप्रिलमध्ये मोकळी आहेस का?” मला लगेच कळलं... म्हणजे वाटलं की कळलं. परत अकलूज, परत ऊन, परत माझी गाडी उघडायची आणि यावेळी पकडायचंच. मी म्हटलं, “मला आणखी किती तपासायचंय?” आणि उंबऱ्यावरूनच परतले. ती आमची शेवटची भेट. फेब्रुवारीत ते गेले.

तेराव्याला माने आले होते. जेवणं झाल्यावर मला एका बाजूला घेतलं. म्हणाले, “ताई, साहेबांनी सांगू नगा म्हणून सांगितलं हुतं. पर आता कुटं लपवायचं?” मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मी निघून गेल्यावर पंधरवड्यात दाजी एकटेच पट्टी घेऊन परत अकलूजला आले. दुपारभर त्याच शेडमध्ये एकच गाडी आधी एका खाचेत, मग दुसऱ्या खाचेत पळवत बसले. आणि ऐन उन्हात त्यांच्या खाचेतली गाडी पुन्हा तशीच मंदावली. त्यांनी सांधा शोधला. थंडीत गच्च बसवलेली तांब्याची पट्टी उन्हात तापून वाढली की सांध्यापाशी उचलली जायची आणि वीज पुढं धड जायची नाही. संध्याकाळ झाली, तांबं निवलं, की सांधा आपला आपण बसायचा. मीटरला काही कळायचं नाही. “मी म्हनलं, साहेब, लगीच फोन लावा ताईंना. तर म्हनले, एकदा दिसलं म्हंजे पुरावा न्हाय, परत दिसलं पायजे. आनि दोन दिसांत वळीव पडला, हवा गार झाली. मग काय दिसतंय!”

“मग हीटर लावून दाखवायचं की,” मी म्हटलं.

“मी बी तेच म्हनलं ओ! तर म्हनले, मग ती म्हनंल की हीटर लावून तुम्हीच बिघडवलं. तिला मी वळखतो. तिच्या डोळ्यांदेखत, नुसत्या उन्हानं झालं पायजे. एप्रिल येऊ दे. आनि तवर सांध्याला हात लावायचा न्हाय.”

माने हे सांगताना डोळे पुसत होते आणि मी त्यांच्याकडे बघत उभी होते. विश्वास ठेवला का मी? नाही ठेवला. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि माने मनाचे मऊ. आक्काचं दुःख, माझा अबोला, हे सगळं बघून त्यांनी रचलं असेल. आक्काला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, “मला कुठं काय सांगायचे ते? एप्रिल, एप्रिल म्हणायचे फक्त.” तेही दोघांनी मिळून ठरवलेलं असू शकतं. तुम्ही म्हणाल, काय ही बाई! पण ज्या घरात दूधसुद्धा तपासल्याशिवाय तापत नाही, त्या घरात मी वाढले नसले तरी मुरले आहे. फोटोसमोर सगळे हात जोडत होते. मी जोडले नाहीत. आधी कळू दे, मग बघू.

मार्च कसा गेला मला विचारू नका. रोज सकाळी उठून ऊन किती आहे ते बघायचे. आपल्याकडे लोक उन्हाला शिव्या घालतात आणि मी त्याची वाट बघत होते. एप्रिल लागला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, तशी एके दिवशी सकाळीच आक्काकडे गेले. वरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघींनी फळ्या उघडल्या. मी गाडी नेली होती, तीच. सकाळच्या गारव्यात आधी एका खाचेत पळवली, मग दुसऱ्या. काही फरक नाही. मीटर लावलं, दोन्हीकडे सारखं. मनात म्हटलं, बघ, रचलेलंच निघालं... आणि तेव्हा जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. मला ते खोटं निघायला नको होतं.

खाली जाऊन जेवलो. आक्कानं कडक भाकरी आणि आमटी वाढली. दुपारी वर गेलो तेव्हा खोलीत पाय टाकवत नव्हता. पंखा मी लावू दिला नाही. आक्का सवयीनं पाठ करून बटणापाशी बसली. माझ्या खाचेत गाडी सुसाट गेली. मग तीच गाडी दाजींच्या खाचेत ठेवली. हिरवा लागला. पहिली फळी गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या फळीवर ती दमली. तशीच. मी परत पळवली. परत तशीच. गुडघ्यांवर बसून बघितलं तर तांबं भाजलेल्या पापडासारखं टम्म उचललं होतं आणि सोल्डरच्या मधोमध केसाएवढी भेग. एवढ्यावर मी थांबले असते तर दाजींची मेहुणी कसली! म्हटलं, ही भेग मान्यांनी परवा पाडली असेल तर? चष्मा वर करून, बॅटरी लावून आत बघितलं. भेगेच्या आत तांबं काळंठिक्कर पडलेलं होतं. ताजी भेग लाल दिसते, हे मला कुणी शिकवायला नको. जुनी होती ती, निदान वर्षाची. आणि त्यावर कुणी सोल्डरिंग आयर्न टेकवलं नव्हतं, चिमटा लावला नव्हता. एका मिनिटाचं काम होतं ते. स्वतःच्या हातचा फुटका सांधा बघूनही त्या माणसानं तो तसाच ठेवला होता, माझ्यासाठी.

“दिसलं?” आक्कानं पाठमोरीच विचारलं.

“दिसलं.”

“मग सोड की आता अबोला.”

मी काही बोलणार नव्हते. मेलेल्या माणसाशी कोण बोलतं? पण तापलेल्या फळीवर हात ठेवला, चटका बसला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी मोठ्यानं, अगदी भांडणाच्या आवाजात बोलायला लागले. “दाजी, माहीत होतं ना तुम्हाला? जूनपासून माहीत होतं! मग नुसतं तोंडानं सांगायचं होतं हो. मी नसता ठेवला विश्वास. भांडले असते, तुम्हाला खोटं पाडलं असतं, उन्हाळ्यापर्यंत टोमणे मारले असते... पण दर रविवारी येऊन मारले असते की.”